सुगरणबाईंची गाठ

फार जुनी नव्हे, अलीकडचीच गोष्ट. बाभळीवरच्या शाळेत सुगरणबाई पिल्लांना घरटं विणायला शिकवत. एकदा वानराने तिथे टॅब आणून ठेवला. त्यात विणकामाचे व्हिडिओ होते. ‘आता मला कोण विचारणार?’ म्हणून बाई हिरमुसल्या.

दुपारी पाहतात तर सगळ्यांत लहान पिल्लू इवली एकटीच टॅबसमोर बसलेली. पहिल्याच गाठीचा व्हिडिओ ती पुन्हा पुन्हा पाहत होती.

“मला का नाही विचारलंस गं?”

“बाई, तुमची चोच फार भरभर चालते. सारखं विचारायची लाज वाटते. हा थांबवता येतो,” इवली म्हणाली. “पण माझं कुठे चुकतंय, ते याला दिसत नाही.”

बाई तिला खेटून बसल्या. “लाव परत. आपण दोघी हळूहळू विणू.”

संध्याकाळी इवलीची गाठ घट्ट बसली. तेव्हापासून बाई शिकवताना मध्येच थांबून विचारतात, “पुन्हा दाखवू का?”