माग जिथून निघतो

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा घरांच्या दारांना कुलपं नव्हती. लोकांच्या तोंडांना तर आजही नाहीत. अशा त्या काळात एका गावात एक जागल्या राहत होता. त्याचं नाव येसबा. गावाची राखण करायची आणि चोरी झालीच तर चोराच्या पावलांचा माग काढायचा, हे त्याचं काम. त्या गावची माती पिठासारखी मऊ होती. येसबा वाकून एक ठसा बघायचा आणि सांगायचा, "गडी डाव्या पायानं लंगडतोय. खांद्यावर ओझं हाय. आन् ओझं जितं हाय." ते ओझं म्हणजे बहुतेक वेळा पाटलाची शेळी असायची.

मागाबद्दल गावाचा एक नियम होता. माग ज्या दारात संपेल, त्या दारानं जबाब द्यायचा. शेंबड्या पोरालाही हा नियम पाठ होता. चोर चोरी करून शेवटी घरीच जातो, त्यामुळे नियम कधी चुकला नव्हता. चाळीस वर्षांत येसबाही चुकला नव्हता. ही गोष्ट तो स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यांनाही विसरू देत नसे.

त्याच गावात चांगुणा नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. आईची नजर गेलेली. चांगुणा रोज सकाळी नदीकाठच्या पळसाच्या बनातून पानं आणायची आणि आई बोटांनी चाचपत त्यांच्या पत्रावळी टाचायची. गावात लग्न असो, बारसं असो की तेरावं, जेवणाला पत्रावळ चांगुणाच्या घरचीच. मायलेकींचं पोट त्यावरच होतं.

चांगुणाचं लग्न वैद्यबुवांच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा दिसायला देखणा, गळ्यानं गोड, म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच काढा नेऊन देणारा. पण सुपारी फुटली आणि तो रोज विचारू लागला, "कुठं गेली होतीस? कोणाशी बोललीस? हसलीस का?" दोन महिने चांगुणानं उत्तरं दिली. मग एक दिवस त्यांच्याकडून आलेलं लुगडं घडी घालून परत केलं आणि सांगितलं, "मला हे लग्न करायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या मागून चालू लागला.

तो तिला हात लावत नव्हता, शिवी देत नव्हता. नुसता दहा पावलं मागून चालायचा. ती पाणवठ्यावर थांबली की तोही थांबायचा. ती घरात शिरली की तो समोरच्या निंबाखाली उभा राहायचा, दिवस मावळेपर्यंत. त्याच्या नव्या वहाणा करकर वाजायच्या. आंधळ्या आईला त्या घरात बसून ऐकू यायच्या आणि तिच्या हातातली काडी पानाऐवजी बोटात घुसायची.

चांगुणानं पाणवठ्यावरच्या बायकांना सांगितलं. एक म्हणाली, "अगं, तुझे पैंजण वाजतात, म्हणून बघत असंल. काढून ठेव." चांगुणानं पैंजण काढले. दुसरी म्हणाली, "पान काट्यावर पडो की काटा पानावर, फाटायचं ते पानच. आपण जपावं." तिसरी तर हसलीच. "एवढा जीव टाकतोय पोरगा, आन् तुला त्याचं ओझं! आमच्या धन्याला मी हरवले तरी चार दिवस कळायचं नाही."

शेवटी चांगुणा येसबाकडे गेली.

येसबा मनाचा वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला घोंगडी टाकली, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, "काय गेलं गं तुझं, पोरी?"

"गेलं काही नाही, आबा. तो माझ्या मागनं येतो."

"चोरी झाली न्हाई, मग माग कशाचा काढू?" येसबा म्हणाला. "तुमचं लगीन ठरलेलं. रुसवाफुगवा असतोय. तू आसं कर, पाणवठ्याची वाट सोड. बाभळीच्या रानातनं एक वाट हाय, काटे हायत, पण तिकडं कुत्रं फिरकत न्हाई. आपसूक निवंल त्यो."

चांगुणानं गूळ तसाच मुठीत धरला आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं बाभळीची वाट धरली. तिसऱ्या दिवशी त्या वाटेवरही वहाणा करकरल्या.

पुढे महिना गेला. गावच्या देवीचा भंडारा आला. शिऱ्याचा खमंग वास सुटला, पंगत मांडायची वेळ झाली आणि पाहतात तो काय, पत्रावळीच नाहीत! आठ दिवस चांगुणा पानांना गेलीच नव्हती. आता मात्र गाव खडबडून जागं झालं. मुलगी भेदरली तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. शिरा कशावर खायचा म्हटल्यावर सगळे चावडीवर जमले.

पाटलांनी विचारलं, "पत्रावळी का नाहीत?"

चांगुणानं सगळं सांगितलं. आवाज कापत होता, पण सांगितलं.

वैद्यबुवांचा मुलगा हात जोडून उभा होता. डोळ्यांत पाणी. "मला काही नको, पाटील. तिनं फक्त माझ्याशी बोलावं." झालं! म्हातारी मंडळी विरघळली. "टाळी काय एका हातानं वाजती का?" कोणीतरी म्हणालं. "ही वळून बघत आसंल, तवाच त्यो येतोय."

पाटील म्हणाले, "आपण रीतीनं जाऊ. येसबा, माग काढ."

येसबानं धोतर खोचलं आणि सगळं गाव, माग तुडवला जाऊ नये म्हणून कडेकडेनं, त्याच्यामागे निघालं. पळसाच्या बनापासून सुरुवात झाली. बाभळीच्या वाटेवर येताच लोकांत खसखस पिकली, कारण त्या ओसाड, बिनवाऱ्याच्या वाटेवर आठ दिवसांपूर्वीची दोघांचीच पावलं तशीच होती. एक अनवाणी, एक वहाणांचं. "बघा बघा, जोडीनं फिरायचं आन् वर तक्रार!" येसबानं मान वर केली नाही. वहाणांचा ठसा धरून तो सरळ चालत गेला. बाभळी संपल्या, देवळाची मागची बाजू आली, चिंचोळा बोळ आला आणि माग संपला. चांगुणाच्या दारात.

"नियम तो नियम," पाटील म्हणाले. "माग तुझ्या दारात संपला, पोरी. जबाब तुझा. एक तर मोडलेलं लग्न जोड, म्हणजे मागनं येणं आपोआप थांबेल. नाहीतर आईला घेऊन गाव सोड. रोजची कटकट नको."

आत आईनं हंबरडा फोडला. चांगुणा उंबऱ्यावर उभी होती. तिनं कोणाची विनवणी केली नाही. ती येसबाला म्हणाली, "आबा, तुम्ही विचारलं होतं, काय गेलं तुझं. तेव्हा मला सांगता आलं नाही. माझी वाट गेली. आधी पाणवठ्याची गेली, मग देवळाची, मग तुम्ही दिलेली बाभळीची. आता हा उंबरा राहिला होता, तोही तुम्ही काढून घेताय. एवढी मोठी चोरी गावात कधी झाली होती का?"

येसबाची नजर खाली गेली. जन्मभराची सवय. चांगुणाचा उजवा पाय सुजला होता. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि ती पुढच्या चवड्यावर उभी होती. येसबाला आत्ताच पाहिलेले ठसे आठवले. अर्धे ठसे, टाच न टेकलेले. वहाणांच्या नादात त्यानं ते ओलांडले होते. आणि त्या वाटेवर तिला पाठवलं कोणी? आपणच.

गप्प राहिलं तर चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. बोललं तर सगळ्या गावासमोर आपणच आपल्या तोंडात मारून घ्यायची.

"पाटील," येसबा म्हणाला, "माग चुकला."

"कोणाचा?"

"माजा. पुन्यांदा काढतो. ह्या खेपेला उलटा."

आणि तो चांगुणाच्या दारातून मागे निघाला. निंबाखाली येताच थांबला. "ह्ये बघा. हितं माती दाबून दगड झालीया. येक दिस उभा ऱ्हायला म्हनून न्हाई व्हत." देवळामागे खाजकुइलीचं रान होतं. "देवळापुढनं सरळ वाट आसताना पोरगी ह्या खाजरीतनं का गेली? देवाला प्रदक्षिणा घालाया?" कोणी हसलं नाही.

बाभळीच्या वाटेवर तो गुडघे टेकून बसला. "तुमी म्हनला, जोडीनं फिरत्यात. जोडीनं चाललेल्याची पावलं शेजारी शेजारी आसत्यात. ही येकमेकांवर हायती. आन् परत्येक ठिकाणी खाली तिचं, वर त्याचं. ज्याचं पाऊल वर, त्यो मागनं आला. ह्ये तर तुमच्या पोरांनाबी ठावं हाय."

"पण तिनं वळून बघितलं असेल," गर्दीतून तोच मघाचा आवाज आला.

"बघितलं की!" येसबा म्हणाला. "ह्ये बघा, हितं वळली. दोनी पाय रोवून उभी ऱ्हायली. हितंच म्हनली आसंल, 'नगं येऊस.' आता त्याचं पाऊल बघा. मागं गेलं का? न्हाई. पुढं आलं. आन् मग तिची बोटं रुतल्याली बघा. पळाली पोरगी, काटा मोडल्याल्या पायानं."

गर्दीत पाणवठ्यावर हसलेली ती बाई होती. तिनं पदर तोंडाला लावला.

उलटा माग बनापर्यंत गेला, तिथून पुन्हा गावाकडे वळला आणि एका दारात येऊन थांबला. वैद्यबुवांच्या. उंबऱ्यापाशी वहाणांचे ठसेच ठसे होते, नवे, जुने, रोज सकाळी बाहेर निघणारे.

येसबा उठून उभा राहिला. "चोर चोरी करून घरला जातोय, म्हनून आपुन माग कुठं संपला त्ये बघतो. पन ह्यो माग घरातनं निघतो आन् दुसऱ्याच्या दाराशी जातो. त्याचा शेवट बघून कसं भागंल? सुरवात बघाया पायजे. मागं येक परका कासार आपल्या येका पोरीमागं चार पावलं चालला, तर आपुन त्याला वेशीपातुर बडवत न्हेला. तवा न्हाई कुनी त्या पोरीचे पैंजण काढले. ह्यो आपला, ओळखीचा, सुपारी फुटल्याला. म्हनून आपुन चोर सोडून संन्याशाला फाशी द्याया निघालो. त्यात पयला मी."

तेवढ्यात वैद्यबुवा बाहेर आले. त्यांनी ठसे पाहिले, मुलाच्या वहाणा पाहिल्या. गावभराच्या नाड्या बघणाऱ्या त्या माणसाला घरातलं दुखणं दिसलं नव्हतं.

"बाबा, माझं तिच्यावर प्रेम आहे," मुलगा म्हणाला.

"ती नाही म्हणाली तिथं ते संपलं, बाळा," वैद्यबुवा म्हणाले. "त्यापुढं जे केलंस, ते तुझं एकट्याचं." मग पाटलांकडे वळून ते म्हणाले, "दार माझं आहे. जबाब आम्ही देऊ."

पाटलांनी खाली मान घालून निवाडा बदलला. मुलानं चांगुणाची हात जोडून क्षमा मागायची, पण दुरून. मग वैद्यबुवांच्या गुरूंकडे, पाच गावं पलीकडे जाऊन राहायचं. तिच्या वाटेवर त्याचा एकही ठसा दिसला, तर गावाची वेस त्याला कायमची बंद. त्याच संध्याकाळी त्यानं क्षमा मागितली आणि तो गेला. भंडारा आठ दिवस पुढे ढकलला, आणि पाटलीणबाईंनी स्वतः चांगुणाच्या टाचेतला काटा काढून वर बिब्ब्याचा चटका दिला.

नवव्या दिवशी सकाळी येसबा पाणवठ्याच्या वाटेवर आला. बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या, मातीत एकच ताजा माग होता. अनवाणी, लांब लांब टाकलेली पावलं, टाच पुरी टेकलेली. दोन ठिकाणी तर चक्क उडी मारल्याची खूण होती. येसबा कितीतरी वेळ ते वाचत राहिला. डोळे भरून आल्यामुळे पुढचं त्याला नीट दिसेना.

मग तो वाट सोडून कडेच्या गवतात उतरला आणि काटेकुटे तुडवत तिथून चालू लागला. त्या पावलांवर आज कोणाचंच पाऊल पडू नये, अगदी आपलंसुद्धा, असं त्याला वाटलं.

तात्पर्य: भ्यालेल्या माणसाला वाट बदलायला सांगणं सोपं असतं. पण जबाब विचारायचा तो पाऊल ज्याच्या दारातून निघालं त्याला. ज्याच्या दाराशी येऊन थांबलं त्याला नव्हे.