पद्मक गंध्याची भुरी

फार पूर्वी शंखपूर नगरात राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गंध्याच्या घरी जन्माला आला. त्याचं नाव पद्मक. अत्तरं, उटणी आणि धूप करणं हा त्या घराचा पिढीजात धंदा. पद्मकाचं नाक असं तल्लख, की वाळ्याची जुडी हातात न घेताच तो सांगे, ही नदीच्या वरच्या अंगाची की खालच्या. आता असं नाक ज्याला लाभतं त्याला थोडा तोराही असायचाच. नाकावर माशी बसू देत नसे, म्हणा ना. पण मन लोण्यासारखं, हे शेजारीपाजारी कबूल करीत.

एकदा वाळा घेऊन तो नदीवरून परतत होता. वेशीबाहेर तांड्याचा तळ नुकताच उठून गेला होता आणि चिंचेच्या बुंध्याला एक भुरकट कुत्री बांधलेली राहिली होती. चुकून नव्हे बरं का, मुद्दाम. गळ्यात दोर रुतला होता, छातीचा पिंजरा झाला होता, आणि ती सारखी खोकत होती. खोकणारं जनावर तांड्यात कोण ठेवणार? येणारेजाणारे तोंड फिरवून पुढे जात होते. पद्मकाने विळ्याने दोर कापला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "चल गं बाई, घरी जाऊ." ती निघाली.

दारात त्याची बायको मंदारा उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा कुत्रीकडे.

"अहो, वाळा आणायला गेला होतात ना?"

"वाळाही आणलाय," पद्मक म्हणाला.

मंदारा दिवसभर पुटपुटत राहिली, आणि पुटपुटता पुटपुटताच तिने तांदळाची पेज निववून कुत्रीपुढे ठेवली. नावही तिनेच ठेवलं, भुरी. काही दिवसांतच भुरी नागरमोथ्याच्या पोत्यावर झोपू लागली, अंगावर मांस धरू लागली, आणि पद्मक खल घोटू लागला की त्याच्या पायावर हनुवटी टेकून बसू लागली. खोकला तेवढा गेला नाही. गंध्यांच्या आळीत मात्र हसू झालं. गंध्यांच्या श्रेणीचा, म्हणजे त्या धंद्याच्या संघाचा, प्रमुख शृंगिल म्हणाला, "गंध्याच्या घरात कुत्री म्हणजे दुधात मिठाचा खडा." पद्मकाने मनावर घेतलं नाही.

शंखपुरात एक रीत होती. वसंतोत्सवात राजाच्या अंगाला लावायचा राजगंध दर वर्षी श्रेणी निवडील त्या एका घरात तयार होत असे. त्या घराच्या खिडक्या शेणामातीने लिंपून टाकीत. महिन्याचा शिधा आत भरून घेत. पाण्याला घरातलीच विहीर. मग धुनी पेटवून तेलाच्या भांड्यांना अखंड सुगंधी धूर द्यायचा. बाहेरून दाराला लाल दोरा बांधून त्यावर राजमुद्रा उमटवीत, आणि पौर्णिमेला राजा स्वतः येऊन दोरा तोडी. तोवर दार उघडायचं नाही, कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. गंध बाहेर गेला तर राज्याची लक्ष्मी बाहेर गेली, अशी समजूत. ज्याने दार आधी उघडलं त्याच्या घराला राजगंध पुन्हा कधी मिळत नसे, त्याच्या नातवंडांनाही नाही.

पद्मकाचा आजा या मानाची वाट पाहत मेला, बापही मेला. त्या वर्षी श्रेणीने पद्मकाचं नाव घेतलं. आनंदाने त्याला घास उतरेना.

"कुत्री बाहेर ठेव," शृंगिल दोरा हातात घेऊन म्हणाला.

"एकदा बाहेर ठेवली होती तिला कोणीतरी," पद्मक म्हणाला. "आता ती घरातली आहे." आणि तिघांवर दार बंद झालं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. धुनीत अगरू जळत होता, चंदन जळत होतं, राळ जळत होती. भांड्यांतल्या तेलाला असा वास चढू लागला होता, की पद्मक झाकण उघडून नुसता उभा राही. मग भुरीने जेवण टाकलं. मागोमाग खोकला वाढला. चार पावलं चालली की बरगड्या भात्यासारख्या हलत आणि जीभ काळसर पडे.

पद्मकाचा जीव कासावीस झाला. काय करावं? त्याच्या घराण्यात सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज शिकवलेला होता, सुगंध. डोकं दुखलं, चंदन. झोप नाही, जटामांसी. ताप, वाळा. म्हणून त्याने भुरीचं अंथरूण धुनीच्या अगदी जवळ हलवलं. राजासाठी राखून ठेवलेला काळा अगरू तिच्यासाठी जाळला. गुग्गुळ घातला, वर कापूर घातला. ती जितक्या जास्त धापा टाकी, तितकी पद्मक धुनी वाढवी. एखादा शेतकरी असता, कुंभार असता, तर त्याने असं केलं नसतं. हे गंध्यालाच सुचायचं!

"अहो, ती त्या धुरात गुदमरत तर नाही ना?" मंदाराने एकदा विचारलं.

"गुदमरेल कशी? हा कृष्णागरू आहे," पद्मक दुखावून म्हणाला. "मेलेल्या माणसाला उठवील." आणि म्हणता म्हणता त्याला स्वतःलाच खोकल्याची उबळ आली. त्याचा बापही असाच खोकत असे. गंध्याचा खोकला म्हणून त्या आळीत त्याच्याकडे कोणी लक्ष देत नसे.

भुरी मात्र धुनीपाशी थांबेना. पाय ओढत ती दाराकडे जाई. तिथे उंबऱ्याखाली उंदराने पोखरलेलं एक बीळ होतं, लिंपताना सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं. भुरी त्याला नाक लावून पडून राही. पद्मकाला वाटलं, हिला पळून जायचंय. एकदा टाकून दिलेलं जनावर, त्याला बंद दाराची धास्ती असणारच. तो तिला मायेने उचलून परत धुनीपाशी आणी. ती पुन्हा जाई. गंध निसटू नये म्हणून त्याने बिळात माती कोंबली. ती नखांनी उकरून तिने पुन्हा बीळ मोकळं केलं, आणि तेवढ्याने दमून बेशुद्ध पडली.

ते पाहिल्यावर पद्मकाने बिळात पुन्हा माती कोंबली नाही. दुपारची वेळ होती. तो तिच्याशेजारी जमिनीवर आडवा झाला, तिच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाला, "भुरे, तिकडे आहे तरी काय? बघू दे मला." आणि तिचं डोकं अलगद बाजूला करून त्याने आपलं नाक बिळाला लावलं.

पहिल्यांदा त्याला काहीच लागलं नाही. मग एक थंड झुळूक आली. तिला कसला वास नव्हता. त्याने ती छातीभर ओढून घेतली, पुन्हा ओढली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याचा श्वास अडखळल्यावाचून तळापर्यंत गेला. तो तसाच पडून राहिला. हवा होती ती, दुसरं काय! ज्या नाकाने सगळं रान हुंगलं होतं, त्या नाकाला साधी हवा ओळखू आली नव्हती. आणि ही मुकी पोर इतके दिवस तेच सांगत होती.

"मंदारे," तो उठून बसत म्हणाला, "मी हिला मारतोय गं. माझ्याच हाताने."

मंदारा जवळ आली. तिने भुरीच्या नाकापुढे तळहात धरला. श्वास जेमतेम लागत होता. मग तिने लाल दोऱ्याच्या दाराकडे पाहिलं, झाकलेल्या भांड्यांकडे पाहिलं. पौर्णिमा तोंडावर आली होती.

"तोवर टिकेल का?" तिने विचारलं.

"नाही."

"मामंजींनी मरताना तुमचा हात धरून काय सांगितलं होतं, आठवतंय ना? उद्या आपल्याला लेकरं झाली आणि त्यांनी विचारलं तर काय सांगायचं?"

"सांगू, की तेल पुन्हा करता येतं," पद्मक म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. "अगं, आजा वाट पाहत गेला, बाप गेला, मीही पाहीन. माझं काही अडत नाही. हिला दुसरा श्वास नाही."

मंदाराने डोळे पुसले आणि कमरेला पदर खोचला. "मग बघत काय बसलात? लावा खांदा!"

दोघांनी मिळून दार ढकललं. बाहेर दोरा तटकन तुटला, मुद्रेची लाख उंबऱ्यावर फुटली, आणि साऱ्या आळीत राजगंधाचा लोट पसरला. लोक धावत बाहेर आले. पद्मक भुरीला खांद्यावर टाकून त्यांच्यामधून चालत गेला. कोणी म्हणालं, वेड लागलं. कोणी म्हणालं, नाही तरी या घराण्याच्या नशिबात नव्हतंच. तो थांबला नाही.

वेशीबाहेर, वाऱ्याच्या अंगाला, एका कोळपलेल्या शेतात रिकामी झोपडी होती. दोघं तिथे राहायला गेली. दार उघडलं आणि कुत्री टुणकन उठून नाचू लागली, असं काही झालं नाही बरं. दुखणं घोड्याच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. पद्मक तिला सकाळी कोवळ्या उन्हात ठेवी, ऊन चढलं की सावलीत हलवी. मुगाचं कढण कापसाच्या बोळ्याने तिच्या जिभेवर पिळी. एकाच कुशीवर पडून चट्टे पडू नयेत म्हणून तिला या अंगावरून त्या अंगावर वळवी. स्वतःच्या अंगाचा वास घासून घासून धुतला त्याने. अत्तराचा थेंब शिवला नाही. मधे एकदा ती बरी होतेय असं वाटलं आणि पुन्हा ढासळली. तेव्हा मंदारा हुंदके देऊन रडली. पद्मक म्हणाला, "रड, पण कढण ढवळताना रड. खाली लागेल."

पावसाळा आला, गेला. शेतं पिवळी झाली. एके दिवशी कोणाची तरी म्हैस झोपडीपाशी येऊन गवताच्या छपराला तोंड लावू लागली, आणि भुरी उठली. पाय थरथरत होते. तिने म्हशीकडे पाहिलं आणि भुंकली. एकदा, मग पुन्हा, मग धाप न लागता भुंकतच राहिली. म्हैस मुकाट निघून गेली. मंदाराने हातातलं पीठ तसंच ठेवून भुरीला कवटाळलं, आणि पद्मक हसत सुटला, तो थांबेचना. हसताना आपल्याला खोकला येत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

त्याच सुमारास राजाचं बोलावणं आलं. वसंतोत्सवाआधीच अचानक सीमेवर जावं लागलेला राजा दृढवर्मा आता परतला होता आणि फुटलेल्या मुद्रेची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. दरबाराच्या पायऱ्यांवर शृंगिलाने पद्मकाला गाठलं. माणूस फटकळ होता, पण दुष्ट नव्हता.

"हे बघ, बायको आजारी पडली म्हणून सांग," तो कानाशी लागून म्हणाला. "मी साक्ष देतो. माणसाच्या जिवासाठी राजा माफ करील, कुत्रीसाठी नाही. तुझं घर श्रेणीत राहील."

"शृंगिलदादा, तुमचा आभारी आहे," पद्मक म्हणाला. "पण मंदारा धडधाकट आहे. तिला कशाला अंथरुणाला खिळवू?"

तो राजापुढे गेला आणि घडलं ते त्याने सांगितलं. राजा ऐकत होता. त्याचा चेहरा तापत चालला.

"माझी मुद्रा तू कुत्रीसाठी फोडलीस?"

"होय महाराज. आणि तिला आजारी पाडलं तेही मीच. धूर चांगला म्हणून मी तो वाढवीत गेलो. चूक कळल्यावर दार उघडलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उघडीन; फक्त लवकर उघडीन."

 राजा उठून उभा राहिला. "ज्याला राजाच्या मानापेक्षा कुत्री मोठी वाटते, त्याला या नगरात आणि श्रेणीत जागा नाही! त्याने कुत्र्यासारखं वेशीबाहेर राहावं!"

पद्मकाने हात जोडले. "आम्ही तिथंच राहायला गेलोय, महाराज. हवा फार छान आहे."

 रागवावं की हसावं, हे राजाचं राजालाच कळेना. पद्मक वाकून नमस्कार करून बाहेर आला. पायऱ्यांखाली उन्हात भुरी वाट पाहत बसली होती. तो दिसताच ती उठली आणि वेशीच्या दिशेने पळत सुटली. वळणावर थांबून तिने मागे पाहिलं, तो येतोय अशी खात्री केली, आणि पुन्हा पळाली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात एका खाटेपाशी बसून सांगितली. खाटेवर सोमक नावाचा भिक्षू होता. लांबलेल्या दुखण्यातून तो नुकता उठत होता. "माझ्यापायी संघाचा चारिकेचा, गावोगाव फिरण्याचा, काळ वाया गेला," असं म्हणून तो सकाळपासून तोंड लपवीत होता.

शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे हा दारात उभा असलेला, आता निवळलेला वडीलधारा स्थविर. शृंगिल म्हणजे ज्याने आज पेज करपवली तो. मंदारा म्हणजे भिक्षुणी क्षेमंकरा. पद्मक गंधी तो मीच." मग त्यांनी पेजेची वाटी उचलली आणि सोमकाच्या ओठांना लावली. "आणि भुरी तू होतास. तेव्हाही तू मला श्वास घ्यायला शिकवलंस. वाया काही गेलं नव्हतं. पी आता."

सोमक पेज प्यायला.

आपल्या मोठेपणाहून दुसऱ्याचा श्वास मोठा मानणं, आणि तो पुरता परत येईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहणं, याला मैत्री म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी मैत्री-पारमिता, म्हणजे या गुणाची साधना, पूर्ण केली.