गाभोळीची खांड

वैनगंगेकाठच्या सावरटोल्याला नदी आणि झील, म्हणजे मोठे तळे, यांच्यामध्ये एक जुना बांध आहे. बांधभर गुडघ्याएवढे गवत, फक्त मधली सहा हात जागा बोडकी. पाहुणे विचारतात, इथे काय झाले? नत्थूजी वलथरे आधी त्यांना चपला काढायला लावतात. "बाळंतिणीची वाट हाये," एवढेच म्हणतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी म्हणे हा बांध नव्हता. पुरात नदी झिलीत शिरे, ओसरताना परत जाई आणि निम्मे मासे सोबत नेई. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत पारबता नावाची सून होती, हुशार आणि जरा हेकट. दारात आलेला मासा जाताना पाहून तिचा जीव तुटे. तिनेच सुचवले, की आत आलेले पाणी बांध घालून अडवू, म्हणजे मासा बारा महिने आपलाच. सगळ्यांना पटले. दोन उन्हाळे खपून वस्तीने बांध उभा केला.

पहिले वर्ष मजेचे गेले. पाणी फारसे चढे ना उतरे, आणि जाळे टाकावे तेव्हा भरे. दुसऱ्या वर्षी बारके मासे दिसेनात. तिसऱ्या वर्षी रोहू संपले, उरले मूठभर म्हातारे मरळ. पोळा झाला की वस्ती उठवायची, असे पारबताच्या सासऱ्यांनी, सोमाजींनी ठरवले. तिला कुणी काही बोलले नाही, आणि तेच तिला जास्त लागले.

त्या आषाढात पूर आला. नदीच्या बाजूने रोहू बांधाला धडका देऊ लागले. आयतेच मिळाले म्हणून लोक टोपल्या घेऊन धावले. पारबतानेही एक मासा उचलला, तर त्याच्या पोटातली अंडी, गाभोळी, तिच्या तळहातावर उतरली, मोहरीच्या दाण्यांसारखी. तिची स्वतःची लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती.

"मामाजी, ह्या बाळंतपनाले आल्या हायेत," ती सासऱ्यांना म्हणाली. "अन् मीनं दार लावलं."

"बांध फोडला तं हायेत ते मरळही जातील. मंग खाऊ काय?"

पारबताने हातातला मासा नदीत सोडला, पदर खोचला आणि कुदळ उचलली. पहिला घाव घालताना ती मोठ्याने म्हणाली, "चुकलं माहं. या बायांनो."

असे सांगतात, की पाणी तिच्या कमरेपर्यंत चढले, शेकडो मासे तिच्या पायांजवळून आत गेले, पण तिचे पाऊल हलले नाही. बघता बघता सोमाजींनी आपले जाळे झाडाला टांगले. मग बाकीच्यांनीही टांगले. वस्तीने तो काळ रानभाजीवर काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरे झिलीवर गेली, तर बुडालेल्या गवतात बोटभर पिल्लांची नुसती वळवळ. वस्ती उठली नाही.

आजही दिवाळीनंतर पाणी ओसरले की पारबताने फोडलेली ती फट, ती खांड, मातीने बुजवतात आणि आषाढाच्या पुरात पुन्हा फोडतात, म्हणून तिथे गवत धरत नाही. तान्ह्या पोळ्यापर्यंत कुणी जाळे टाकत नाही. पहिली कुदळ वस्तीतल्या सर्वांत वयस्क बाईची. सध्या तो मान नत्थूजींच्या आईचा, सुगंधाबाईंचा आहे. त्यांनी जन्मात कुणाचे काही बिघडवलेले नाही. तरी त्या कुदळ उचलतात, पारबताचेच शब्द म्हणतात, "चुकलं माहं. या बायांनो," आणि वाटेतून बाजूला होतात.