माशांना कुठे असतात हात?

शेवंतीच्या डब्यात रोज एकच भाकरी असायची. एकच! आणि तीसुद्धा अख्खी तिच्या पोटात जायची नाही. का जायची नाही, ते सांगते. जरा दम धरा.

टेकडीच्या पायथ्याशी एक मोठी बाग होती. लाल लाल कर्दळी, पिवळाधमक झेंडू, कुंपणावर निळीशार गोकर्ण. बागेच्या मधोमध होतं एक इवलंसं काचघर. त्या काचघरात भिंतीएवढी लांब काचेची पेटी, आणि पेटीत सतरा मासे. केशरी, रुपेरी, काळ्या ठिपक्यांचे, झालरीच्या शेपटीचे! सगळ्यांत मोठी, सगळ्यांत म्हातारी मासोळी म्हणजे केशर. शेवंती काचेवर बोट ठेवायची आणि केशर बोटापाशी येऊन थांबायची. त्या दोघींचं असं रोजचं भेटणं होतं.

शेवंतीची आई, सगुणा, ह्या काचघराची राखण करायची. बाबा नव्हते. काचघराच्या मागे एक खोली होती, तिथे मायलेकी राहायच्या. आई सकाळी दोन भाकऱ्या थापायची, एक स्वतःला, एक शेवंतीला. शेवंती आपली अर्धी भाकरी खायची आणि उरलेली अर्धी कुस्करून माशांना घालायची. समोर कुणी असताना एकटीनं कसं खायचं? पोटात कावळे ओरडले तरी बेहत्तर, केशरला दिल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

पण त्या वर्षी काय झालं कोण जाणे, पेटीतलं पाणी हिरवं व्हायला लागलं. काचेवर शेवाळ, खड्यांवर शेवाळ, नळीवर शेवाळ. मायलेकी दर रविवारी मासे बादल्यांत काढायच्या, पेटी पार रिकामी करायच्या, खडा न् खडा काथ्यानं घासायच्या आणि नळाचं नवंकोरं पाणी भरायच्या. तीन दिवस सगळं लखलखीत. चौथ्या दिवशी पुन्हा हिरवं! मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत बसायचे. त्यांचे रंग उतरले, पंख अंगाला चिकटले. दोन तर बिचारे गेलेच. सतराचे पंधरा झाले, आणि केशर एका कोपऱ्यात तिरकी होऊन पडायला लागली.

बागेचे कारभारी भाऊराव एक दिवस आले. माणूस वाईट नव्हता हो, पण त्यांना वरून बोलणी बसत होती. त्यांनी खिशातून हे एवढं मोठं कुलूप काढलं आणि म्हणाले, "सगुणाबाई, पुढच्या पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. पाणी सुधारलं नाही, तर काचघर बंद करावं लागेल. माझा नाइलाज आहे."

कुलूप लागलं की आईचं काम गेलं, मागची खोलीही गेली. आणि केशर? आजारी केशरला कोण नेणार? शेवंतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचेवरचं शेवाळ खरवडत होती. हिरव्या केसांसारखा एक पुंजका निघाला. फेकणार, तेवढ्यात आत काहीतरी लुकलुकलं. दुसरं कुणी असतं तर फेकून मोकळं झालं असतं. शेवंती जाईच्या मांडवाखाली बसली आणि एकेक धागा हलक्या हातानं सोडवत राहिली. आणि काय सांगू! शेवटचा धागा सुटला, तशी आतून वेलदोड्याएवढी एक परी बाहेर आली. माशाच्या परासारखे तलम, मोतिया पंख, आणि अंगात बुडबुड्यांचा झगा, त्यात सात रंग नाचतायत!

"हुश्श! दोन दिवस अडकले होते बाई!" परीनं पंख झटकले. "मी निळाई. गोड्या पाण्याची परी. तू मला सोडवलंस, आता तीन इच्छा माग. पण माझे नियम आहेत हं. एक, स्वतःसाठी काही मागायचं नाही. दोन, मी फक्त झालेलं पुसते. रोज रोज जे होतंय, ते मला थांबवता येत नाही."

शेवंतीला दुसरा नियम नीटसा कळलाच नाही. ती घाईघाईनं म्हणाली, "परीताई, पाणी स्वच्छ कर ना!"

निळाईनं टिचकी वाजवली. चम्! पाणी असं निर्मळ झालं, की पेटीत पाणी आहे की नाही तेच कळेना. आईनं तर हात जोडले. आणि चौथ्या दिवशी? पुन्हा हिरवं!

शेवंती रडवेली होऊन मांडवाखाली धावली. "परीताई, पाण्याचं राहू दे. मासे तरी बरे कर!"

चम्! केशर कोपऱ्यातून सुळ्ळकन वर आली, तिच्या अंगावर सोनेरी झाक चढली. शेवंतीनं आनंदानं त्या दिवशी अर्धी काय, पाऊण भाकरी माशांना घातली. पाच दिवसांनी केशर पुन्हा कोपऱ्यात तिरकी!

"अगं, मी काय इथे रोज धुणीभांडी करायला आलेय?" निळाईनं कमरेवर हात ठेवले. पण शेवंतीचा चेहरा बघून तिचा आवाज मऊ झाला. "बाळ, एकच इच्छा उरली आहे. ह्या वेळी विचार करून माग."

शेवंती जाईच्या फुलांत बसून राहिली. पुष्कळ वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "त्यांना काय होतंय, ते मला कळू दे."

निळाई खुदकन हसली. तिनं शेवंतीच्या नाकावर पंख टेकवला, आणि शेवंती झाली एक चिमुकली पिवळी मासोळी! बुडुक् करून ती पेटीत शिरली.

अगं बाई! आत केवढं ऊन होतं! खिडकीचा पडदा आईनंच त्या वर्षी काढला होता, माशांना छान उजेड मिळावा म्हणून. त्या उन्हात शेवाळ तरारून वाढत होतं, आणि सावलीला जागा म्हणून नव्हती. इतक्यात दार वाजलं. मोठ्या पांढऱ्या मिशांचे तात्या मुजुमदार आले आणि त्यांनी अख्खं बिस्किट चुरून टाकलं. मागून दूधवाल्या हौसाकाकू, त्यांनी पोळी टाकली. मग शाळेतली पोरं, त्यांचे मूठ मूठ कुरमुरे! वरून नुसता खाऊचा पाऊस. मासे खात होते, खात होते. उरलेलं तळाशी जाऊन कुजत होतं, आणि शेवाळ ते सगळं मटामट गिळून जाडजूड होत होतं.

"आजी, तुम्ही एवढं खाता कशाला?" शेवंतीनं केशरला विचारलं.

केशरनं दमून एक बुडबुडा सोडला. "पुढ्यात आलं की खायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. माणसांचं बरं असतं. पोट भरलं की पानावर आडवा हात धरतात, पुरे म्हणतात. आम्हाला कुठे असतात हात?"

"आणि रविवारी?"

"रविवारी तर आमचं घरच पळवतात. नवं पाणी अंगाला झोंबतं, त्यात नळाचं औषध असतं ना! आणि खड्यांवर आमचे बारीक बारीक सोबती राहतात, डोळ्यांना न दिसणारे. तेच घाण खाऊन पाणी नितळ ठेवतात. खडे घासले की ते बिचारे वाहून जातात." केशर जरा थांबली. "राखणदाराची एक लहानगी आहे. अर्धपोटी राहून आम्हाला भाकरी घालते. तिचं पोट खपाटीला गेलेलं काचेतून दिसतं गं. तिला नको कसं म्हणावं, हेच आम्हाला कळत नाही."

शेवंतीला एवढं वाईट वाटलं, एवढं वाईट वाटलं, की काही विचारू नका. आपणच प्रेमानं भरवून भरवून त्यांना आजारी पाडलं!

ती पुन्हा मुलगी झाली तेव्हा तिन्ही इच्छा संपल्या होत्या. आता टिचकी नाही, चम् नाही. पौर्णिमेला अठरा दिवस राहिले होते.

तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं आधी कपाळाला हात लावला, मग ट्रंकेतून आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं. खिडकीला त्याचा पडदा झाला. पाणी भरून बादल्या एक दिवस उघड्या ठेवायच्या, म्हणजे औषधाचा वास उडून जातो, असं ठरलं. आणि रविवारी चारातला एक हिस्साच पाणी बदलायचं. काच पुसायची, तळाची घाण नळीनं ओढून घ्यायची. खड्यांना मात्र हात लावायचा नाही.

आणि खाऊ? दिवसातून एकदा, एक चिमूट. भाकरी तर बंदच. पहिल्या दिवशी केशर काचेपाशी आली तेव्हा शेवंतीनं रिकामं बोट टेकवलं. भाकरी न देता तिला भेटायचं म्हणजे फार जड गेलं बाई.

तिनं काचघराच्या दारात एक टोपली ठेवली आणि येईल त्याला सांगायला लागली, "खाऊ टोपलीत ठेवा, पेटीत नको."

तात्या भडकलेच! "काय गं ए पोरी, माशांना उपाशी मारतेस? सहा वर्षं मी बिस्किट घालतोय!"

शेवंती दारातून हलली नाही. "तात्या, परवाच्या पंगतीत तुम्हाला पाचवी जिलबी वाढायला आले, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पानावर आडवा हात धरला!"

"मग माशांना कुठे असतात हात?"

तात्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा बिस्किटाकडे. मग गुपचूप वाकून त्यांनी बिस्किट टोपलीत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तेच दारात उभे राहून पोरांना दटावायला लागले. टोपलीतला खाऊ संध्याकाळी चिमण्यांना जायचा.

पाच दिवस गेले. काही नाही, पाणी हिरवंच. आई सुस्कारे टाकायची. आठव्या दिवशी तळाचा एक पांढरा खडा दिसला. बाराव्या दिवशी केशरनं एक पंख उघडला. एकच, पण उघडला! शेवंती बागभर नाचली. आणि पौर्णिमेच्या दिवशी सकाळी भाऊराव आले, तेव्हा पेटीत पंधराच्या पंधरा मासे मजेत फिरत होते. केशरी, रुपेरी, झालरीच्या शेपट्या हलवत! भाऊरावांनी काचेला नाक चिकटवलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग कुलूप खिशात टाकत म्हणाले, "हे आता माझ्या सायकलला लावतो. सगुणाबाई, काचघर तुमच्याकडेच!"

आईनं पदर डोळ्यांना लावला. शेवंती मांडवाखाली धावली. निळाई जाईच्या कळीवर पाय हलवत बसली होती.

"मी निघाले हं," ती म्हणाली.

"थांब ना! माझ्याकडून तुला काही द्यायचं राहिलंच."

"मलाही तुला द्यायचंय. पण तुला स्वतःसाठी मागता येत नाही, नियम म्हणजे नियम." निळाईनं डोळे मिचकावले. "पण तुझ्यासाठी दुसऱ्या कुणी मागितलं, तर? पेटीतल्या एका म्हातारीनं मागितलंय. बघ हं, आज संपेल, उद्या संपेल असं काही मी नाही द्यायची."

तिनं पंख पसरले. पांढरा, मग पिवळा, मग निळा निळा उजेड झाला. सगळ्या मांडवावर तो क्षणभर झुलला आणि पेटीच्या पाण्यात विरघळून गेला. जाईची कळी तेवढी हलत राहिली.

"शेवंते! ए शेवंते!" तात्या दारातून हाका मारत होते. "ये इकडे. चिमण्यांना रोज देतेस, आज आधी तू बस."

काचघराच्या पायरीवर कर्दळीचं पान मांडलं होतं. हौसाकाकूंनी त्यावर तूप लावलेली पोळी वाढली, पोरांनी कुरमुऱ्यांचे लाडू वाढले. "आणि हे बघ, उद्यापासून दोघींचं दूधभाकरीचं माझ्याकडे लागलं," काकू म्हणाल्या. आई "अहो, कशाला?" म्हणाली, पण काकू कुणाचं ऐकतायत!

शेवंती खात होती. एक पोळी, दोन पोळ्या, लाडू, पुन्हा पोळी. कुणाला अर्धी द्यायची नव्हती. तात्या वाकून वाढतच होते, "घे गं, अजून एक. माझ्या आग्रहाखातर!"

तेव्हा शेवंतीनं हसत हसत, जन्मात पहिल्यांदाच, आपल्या पानावर आडवा हात धरला.

"पुरे, तात्या. पोट भरलं."

आणि काचेपलीकडून केशर दोन्ही पंख उघडून तिच्याकडे बघत होती.