पळीभर विरजण

तुळसाक्काच्या विरजणाचं दही सुरीनं कापावं इतकं घट्ट लागे. मागेल त्याला ती विरजण फुकट देई. अट एकच: पुढे तुमच्याकडे कुणी मागितलं, तर नाही म्हणायचं नाही.

जहागीरदारांनीही त्याच अटीवर पळीभर नेलं. पुढे उन्हाच्या तडाख्यात गावात सगळ्यांचं दही नासलं, उरलं ते जहागीरदारांचं. आक्का वाटी घेऊन गेली, तर त्यांनी तिला दारातूनच हाकललं. आक्का तडक राजाकडे गेली.

राजानं जहागीरदारांना दह्याच्या हंड्यासकट बोलावलं.

"महाराज, दूध माझं, हंडा माझा," जहागीरदार गरजले. "पळीभर विरजणानं दही हिचं होतं होय?"

"बरं, दही तुमचं," आक्का म्हणाली. "माझं पळीभर तेवढं काढून द्या. पण माझंच हं, तुमच्या दुधाचा थेंब नको त्यात."

जहागीरदार वैतागले. "अगं बाई, आता ते वेगळं निघतंय होय? कुठूनही घे, सगळं एकच आहे!"

"ऐकलंत, महाराज?" आक्कानं पळी बुडवली. "कुठूनही काढलं तरी माझंच निघतं म्हणतायत!"

राजा खो खो हसला. संध्याकाळी जहागीरदारांच्या दारात गावभरच्या वाट्या रांगेत होत्या, आणि पळी खुद्द जहागीरदारांच्या हातात.