अठरा हात लांब बाही

दुसरा खांबही फसला! साच्याच्या फळ्या काढल्या आणि पाहतात तो काय, वर सगळं गुळगुळीत, पण बुडाशी नुसती खडी, मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं! रणधीरराव महाराजांनी हातातली काठी एका भोकात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली आणि काही केल्या बाहेर निघेना. दोन शिपायांनी ओढून काढली, तेव्हा कुठे महाराजांना धड रागावता आलं.

"सटवाजी मुकादम! दरबाराला सोळा खांब हवेत, अठरा हात उंच. तुम्ही केलेत दोन, आणि दोन्ही पोकळ! तिसऱ्या खांबात मसुरीएवढं भोक जरी दिसलं, तरी तुमची अख्खी टोळी भांड्याकुंड्यांसकट संस्थानाबाहेर!"

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. टोळीत चाळीस माणसं, त्यांची तान्ही पोरं, बांधकामाशेजारी तीन वर्षांपासूनची खोपटं. ही माणसं घेऊन जायचं कुठे?

"सरकार, माल अठरा हातांवरून पडतो. खडी सळयांवर आपटून वेगळी होते, सिमेंट-वाळू वेगळी होते. साच्याला मध्यावर एक खिडकी पाडू द्या, तिथून भरतो."

"खिडकी? खांबाला? खांब काय तिथून रस्त्यावरची गंमत बघत बसणार आहे? एक फळी कापायची नाही! वरूनच भरा!"

महाराज एकदा हट्टाला पेटले की राणीसाहेबसुद्धा वाद घालत नसत, सरळ माहेरी निघून जात.

दिवाणजी पुढे सरसावले. "सरकार, माल आमटीसारखा पातळ करावा. आपोआप कोपऱ्याकोपऱ्यात पोचेल."

"दुसऱ्या खांबाला तुम्ही तेच तर करायला लावलंत!" मागून आवाज आला. "आमटीतली डाळ तळाशी बसते, हे घरी बाईसाहेबांना विचारलं असतंत तरी कळलं असतं."

बोलणारी होती सटवाजीची मुलगी भिवरा. डोक्यावर घमेलं, कमरेवर हात, आणि जीभ अशी की बापाला रोज दोन वेळा घाम फुटायचा.

शिपायानं धरलेल्या बशीतला चिवडा तोंडात टाकत महाराजांनी भुवई उंचावली. "पडल्यानं माल बिघडतो, हे सगळं थोतांड!"

"सरकार, तुमच्या बशीतला चिवडा जरा देता?"

बशी घेऊन ती सरसर परांचीवर चढली आणि वरून चिवडा सोडला. शेंगदाणे टपाटप जमिनीवर आले, पोहे वाऱ्यावर भरकटले, आणि कढीपत्ता जाऊन बसला दिवाणजींच्या पगडीवर!

"गोळा करा आता, सरकार! होतो का पुन्हा चिवडा?"

महाराजांना हसू फुटत होतं. पण इतक्या माणसांसमोर हट्ट सोडायचा कसा? "बरं, मग ऐक! माल वरूनच भरायचा. साच्याला भोक पाडायचं नाही. आणि माल पडूही द्यायचा नाही! कर बघू!" स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की त्यांनी दुसरी बशी मागवली.

सटवाजीनं डोक्याला हात लावला. "काय करून बसलीस पोरी!"

भिवरा मात्र परांचीवरून उतरून पुढे झाली. "सरकार, जुन्या तंबूचं कापड द्या, एक लोखंडी कडं द्या, आणि तुमचे शिंपी द्या."

"खांबाला सदरा शिवणार की काय?"

"सदरा कुठला परवडायला, सरकार! एक बाही पुरे."

अठरा हातांची बाही शिवताना शिंपीबुवा रडकुंडीला आले. माप कुणाचं घ्यायचं, हेच त्यांना समजेना!

तिसऱ्या दिवशी भिवरानं बाहीच्या वरच्या तोंडाला कडं बांधलं आणि ती साच्यात, सळयांच्या मधोमध, थेट तळापर्यंत सोडली. आधी थोडी सिमेंट-वाळू तळाला पसरली. मग पिठल्याइतका घट्ट माल कड्यातून आत जाऊ लागला. कापड त्याला चहूबाजूंनी कवटाळून धरी, त्यामुळे तो घसरत, रेंगाळत खाली उतरे. हातभर भरलं की भिवरा ओरडायची, "ओढा वर!" आणि बाही हातभर वर यायची. गडी लांब कांबींनी माल कोचत होते, बाया बाहेरून लाकडी मोगऱ्यांनी फळ्या ठोकत होत्या, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाई.

माल पडताना पकडायचाच, म्हणून दिवाणजींनी आरसा आणला. त्यात ऊन धरून ते दर घटकेला साच्यात डोकावत. दर वेळी तेच दिसे : बाहीचं खालचं तोंड मालापासून जेमतेम वीतभर वर!

"सापडलं का काही?" भिवरानं विचारलं.

"अजून नाही," दिवाणजी पडेल आवाजात म्हणाले.

खांब भरल्यापासून आठव्या दिवशी फळ्या काढायच्या होत्या. खोपटांतून बायांनी आधीच बोचकी बांधून ठेवली होती. ती पाहून भिवराला भडभडून आलं. पहिली फळी निघाली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले.

"अगं, बघ तरी!" सटवाजी ओरडला.

खांब तळापासून टोकापर्यंत नितळ होता! महाराज स्वतः परांचीवर चढले. वरपासून हातहात तपासत, काठीनं टकटक करत, शिडीवरून खाली आले. काठी कुठेच शिरेना. महाराजांनी डोकं खाजवलं, आणि एकदम त्यांचे डोळे चमकले.

"खांब झकास! पण अट मोडली! माल वर होता, तो अठरा हात खाली आला. म्हणजे पडलाच की! बांधा बिऱ्हाड!"

सटवाजी मुकाट्यानं खोपटांकडे वळला. भिवरानं मात्र वाकून मुजरा केला.

"सरकार, आत्ता तुम्हीही वर होतात. शिडी धरून, एकेक पाय टाकत, अठरा हात खाली आलात. मग गावात दवंडी पिटू का, की सरकार परांचीवरून पडले म्हणून?"

मग महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की त्यांना त्या नव्या खांबाचाच आधार घ्यावा लागला.

"हरलो बाई, हरलो! ते दोन पोकळ खांब पाडा, आणि उरलेल्या पंधरा खांबांची मुकादमी या पोरीकडे! आणि टोळीला पक्की घरं बांधायला तळ्याकाठची जागा आजच मोजून द्या. दिवाणजी, असे बघत काय उभे राहिलात? उद्यापासून बाही ओढायला तुम्ही!"