उरलेल्या अणूची अवस्था

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला आईने बजावलेलं आहे. म्हणून नावं गाळून सांगते.

एकदा एका वृद्ध शास्त्रज्ञांकडे त्यांची शिष्या पदवीचा अर्ज घेऊन आली. ती आणि तिची मैत्रीण सहा वर्षं एकाच प्रयोगावर काम करत होत्या. निर्वात पेटीत, लेसरच्या सापळ्यात मोजके अणू धरायचे आणि ते एकमेकांत कसे गुंततात ते पाहायचं. दोन महिन्यांपूर्वी मैत्रीण साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. आता विद्यापीठाची समिती म्हणत होती, प्रबंधातलं तुमचं स्वतःचं काम वेगळं काढून दाखवा, तरच पदवी.

"तीन आठवडे बसलेय, सर. प्रत्येक ओळीत ती आहे. एवढा गुंता सोडवून द्या."

"समितीला म्हणावं, तराजू पाठवा," गुरू म्हणाले. पण हसले नाहीत. "दोन अणू धर. पुरते गुंतू देत."

त्यात तिची अख्खी सकाळ गेली. एकमेकांना रेटत रेटत दोन्ही अणू अखेर गुंतले. तोच गुरूंनी हात पुढे करून बटण दाबलं आणि एक अणू सापळ्याबाहेर उडवून दिला.

"अहो सर! काय केलंत हे?"

"उरलेल्याची अवस्था सांग."

"एका मोजणीत काय कळणार?"

"मग पुन्हा जोडी धर. पुन्हा एक घालव."

आठवडाभर ती तेच करत राहिली. उरलेल्या अणूची दिशा मोजली, की ती निम्म्या वेळा वर निघे, निम्म्या वेळा खाली. तिने आडवं मोजलं, तिरकं मोजलं. तेच.

"नाणं उडवल्यासारखं चाललंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "हा काहीतरी लपवतोय."

"लपवत नाही गं. त्याच्यापाशी स्वतःचं असं काही नव्हतंच. होतं ते दोघांच्या मध्ये होतं. जोडी आपल्याला पूर्ण ठाऊक होती. त्यातला एकेकटा कसा, हे कधी ठरलेलंच नव्हतं. तू गुंता म्हणालीस, म्हणून सोडवायला निघालीस. दोऱ्यांचा गुंता सुटला की दोन दोरे हाती येतात. हा गुंता जीव गुंततो तसला. हा सुटत नाही, तुटतो."

"मग मी काय लिहू?"

"मोजता येईल तेवढंच."

"ती गेल्यावर मी कोण उरले, तेवढं तरी सांगा."

गुरूंनी आठवड्याच्या आकड्यांचा कागद तिच्यापुढे सरकवला. निम्मे वर, निम्मे खाली. त्यातून तिला काय ते कळलं.

'स्वतःचे कार्य' हा रकाना तिने कोरा ठेवला आणि अर्ज पाठवून दिला. अपूर्ण, असा शेरा मारून समितीने तो परत केला. प्रबंध आता कपाटात आहे. ती त्याला हात लावत नाही.

तेव्हा कुणाचं माणूस गेलं, की 'आता तू स्वतःकडे बघ' असं सांगण्याआधी आपण निदान एवढं तरी... हो गं आई, आले!